गल्ली नंबर सहा आणि आबांचा टॉप गिअर

धुळ्याला चाललेय असं आईला सांगितलं, तेव्हा ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गल्ली नंबर सहा. मागच्या पायरीच्या दगडात उखळ आहे. फोटो काढून आण." बस्स. घर कुणाचं, कुठल्या टोकाला, शेजारी कोण, काही नाही. माझे आजोबा तिथं कोर्टात कारकून होते. दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या. 1971 साली बदली झाली आणि बिऱ्हाड उठलं. आई तेव्हा चौदा वर्षांची होती. त्यानंतर ती धुळ्याला गेलेली नाही, पण कुठल्या तुम्ही असं कुणी विचारलं की अजूनही गल्लीच्या नंबरासकट सांगते.

मला धुळं म्हणजे आग्रा हायवेवरचा जेवणाचा थांबा, एवढंच ठाऊक. डिसेंबरात चार दिवस काढले, गेले, आणि भेटेल त्या जुन्या माणसाला एकच विचारत सुटले: धुळं सुरू कुठं होतं आणि संपतं कुठं?

पहिला दिवस: "गावात चलता का?"

पुण्याहून रात्रीची गाडी, पहाटे चाळीसगाव, तिथून धुळ्याची छोटी गाडी. छप्पन्न किलोमीटरचा हा फाटा 1900 सालापासून आहे आणि तेव्हापासून धुळं हे त्याचं शेवटचं स्टेशन. समोर एक अण्णा बसले होते, शिरूडला उतरणारे, मांडीवर कापसाच्या बियाण्याची जुनी पिशवी आणि तिच्यात हरभऱ्याचा ओला घाटा. मूठभर माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "सव्वाशे वर्षं आमची गाडी धुळ्यापर्यंत जाते आणि उलटी फिरते. गावाचंही तसंच झालंय." मनमाड-इंदूर मार्गाला 2024 च्या सप्टेंबरात केंद्राची मंजुरी मिळाली, त्याचं मी कौतुक केलं. "माझ्या लग्नात वऱ्हाडी हेच बोलत होते," अण्णा म्हणाले. "आता नातवाची वरात तरी इंदूरला न्यावी म्हणतो."

उतरले देवपुरात. पांझरा नदीच्या उत्तरेचं हे धुळं. आक्का, म्हणजे माझ्या नवऱ्याची चुलत बहीण, तिथं राहते. घरात तिचे सासरे आबा, वय 81, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. चहा झाल्यावर आक्का म्हणाली, "वहिनी, संध्याकाळी गावात चलता का?" मला वाटलं एखाद्या खेड्यात जायचंय. नाही. गावात म्हणजे पुलापलीकडं. चाळीस वर्षं शहराच्या हद्दीत राहून, कर भरून, मतदान करून ही माणसं नदी ओलांडताना "गावात" जातात आणि परतताना "देवपुरात" येतात. धुळ्यात कुणी जातही नाही आणि येतही नाही.

गाव म्हणजे आग्रा रोड आणि त्याच्या आजूबाजूच्या सरळ गल्ल्या. एवढ्या सरळ की एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाची गर्दी दिसते. पाट्या कमी, पण दुकानांच्या फलकांवर खाली बारीक अक्षरात "ग. नं. 5", "ग. नं. 4" असं लिहिलेलं असतं, त्यावरून चालायचं. मी चार्जर घरी विसरले होते, तो पाच नंबरातल्या एका कॉम्प्लेक्समध्ये घेतला. दहा बाय बाराचं दुकान, भिंतभर मोबाईलची कव्हरं, मागं लोखंडी जाळी, आणि जाळीतून एकदम एक कडुनिंब. चारी बाजूंनी भिंती आणि मधोमध झाड, फांदीला कुणाचा तरी टॉवेल. दुकानातल्या पोराला विचारलं, हे कुणाचं? "माहीत नाही ताई. आमच्या आधीपासून आहे."

जेवायला शेवभाजी. पुण्यात खान्देशी नावाच्या हॉटेलात जी मिळते तिच्यावर मी इतकी वर्षं समाधान मानत होते, हे लिहायलाही लाज वाटते. रस्सा काळा, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा, वर तर्रीचं बोटभर तवंग. शेव जाड आणि स्वतःच तिखट. ती वेगळ्या वाटीत येते आणि आपण खाता खाता घालायची, म्हणजे शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहते. आधीच बुडवून आणली तर समजावं, हॉटेल प्रवाशांसाठी आहे. "तिखट कमी" असं ऑर्डर देतानाच सांगा. नंतर सांगून उपयोग नाही, आणि लिंबू पिळून काही होत नाही.

रात्री आबांना माझा प्रश्न विचारला. ते धुळे-शिरपूर गाडी चालवत. थोडा वेळ उजवा पाय हलवत बसले, मग म्हणाले, "बेटा, ड्रायव्हरला गाव संपलं हे गिअरवरून कळतं. मी लागलो तेव्हा पूल ओलांडला की टॉप गिअर. पुढं माणूसच नव्हतं. मग दत्त मंदिरापर्यंत तिसऱ्यावरच जावं लागायचं. रिटायर झालो त्या दिवशी नगावबारी गेल्यावर टॉप टाकला." मी म्हटलं, म्हणजे धुळं तेवढं वाढलं. ते म्हणाले, "वाढलं ते देवपूर. धुळं आहे तेवढंच आहे." आणि हे सांगणारा माणूस स्वतः देवपुरात घर बांधून राहिलेला.

दुसरा दिवस: कॅप्टन ब्रिग्ज की विश्वेश्वरय्या

गल्ल्या बघायच्या तर सकाळी साडेदहाच्या आत. दुकानांची शटर उघडली की खालचं सगळं झाकलं जातं, आणि वरचं तर नजर वर न्यायला जागाच उरत नाही. शटर बंद असताना लाकडी कठडे दिसतात, कोरीव तुळ्या दिसतात, एखाद्या सज्जात अजून राहणाऱ्या आजी दिसतात. पायी फिरा. गाडी लावायला मिळालीच, तर काढायला मिळणार नाही.

ही आखणी दोनशे वर्षांपूर्वीची. 1818 मध्ये खान्देश कंपनी सरकारकडे आला आणि पहिला अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानं मुख्यालयासाठी धुळं निवडलं, मुंबई-आग्रा वाटेवर आहे म्हणून. जुन्या गॅझेटियरमध्ये 1819 ची नोंद आहे: 401 घरं, 2,509 माणसं. ब्रिग्जनं लांबलांबून व्यापारी आणि कारागीर बोलावले, बिनभाड्यानं जागा दिल्या, पक्की घरं बांधायला पैसे आगाऊ दिले. म्हणजे आज जे "मूळ धुळेकर" म्हणून मिशीला पीळ देतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचे पूर्वज प्लॉट फुकट मिळतोय म्हणून आलेले. (हे मी तिथं बोलले नाही. शेवभाजी अजून दोन दिवस खायची होती.) 2011 च्या जनगणनेत त्या अडीच हजारांचे 3,75,559 झाले होते.

सहा नंबरात एका किराणा दुकानाच्या ओट्यावर तीन म्हातारे पेपर वाटून घेऊन बसले होते: एकाकडं पहिलं पान, एकाकडं खेळाचं, एकाकडं निधनवार्ता. ब्रिग्जचं नाव काढताच निधनवार्तावाले भडकले. "कोण ब्रिग्ज? धुळ्याच्या गल्ल्या सर विश्वेश्वरय्यांनी आखल्या. शाळेतल्या पोराला विचारा."

हे त्या चार दिवसांत मला सहा जणांनी सांगितलं. विश्वेश्वरय्या धुळ्याला होते, हे खरंच. 1884 साली नोकरीला लागल्यावर सुरुवातीलाच ते खान्देशात आले आणि दातर्तीजवळ पांझरेच्या पात्राखालून पाणी नेणारा सायफन हे त्यांचं सुरुवातीचं काम. पण ते जन्मले 1861 मध्ये. मी हळूच म्हटलं, की काका, आखणी तर त्यांच्या जन्माआधी चाळीस वर्षांची. खेळाचं पान खाली आलं. "मग ते काय झालं? सरळ केली असेल त्यांनी."

मला ते पटून गेलं, खरं सांगते. बाहेरच्या कॅप्टनपेक्षा आपल्या इंजिनिअरनं गाव आखलं, असं वाटून घ्यायला कुणाला आवडणार नाही?

उखळाचं विचारलं, तर तिघंही उठले. प्रत्येकानं वेगळ्या दिशेला बोट केलं. शेवटी पहिल्या पानावाले काका मला घेऊन निघाले. दुकानामागं एक बोळ, बोळात एक बंद दार, दाराला सरकारी रंगासारखा हिरवा रंग आणि खाली काळ्या दगडाची पायरी. पायरीच्या डाव्या कोपऱ्यात उखळ. मी वाकून बघितलं. वीतभर तोंड, आत हात घातला तर मनगट बुडतं, कडा इतक्या गुळगुळीत की बोट घसरतं. तळाशी पावसाचं वाळलेलं गढूळ, दोन गुटख्याच्या पुड्या आणि एक रबरी चेंडू. उजवी कड डावीपेक्षा खोलगट झिजलेली, म्हणजे कांडणाऱ्या बाया दाराकडं तोंड करून बसत असणार, असं काका म्हणाले. भिंतीवरून एक कडुनिंब डोकावत होता. पाच-सहा फोटो काढले, पुड्या बाहेर काढून.

धुळं कुठं संपतं, तर काका म्हणाले, नदीला. "1872 ला पांझरा अशी आली की घरंच्या घरं नेली. तेव्हापासून नदी म्हणजे वेस." तुम्ही पाहिलं का? "कसं पाहीन? आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलं. 2019 च्या ऑगस्टात आली ती मी पाहिली." आता दोन्ही काठांनी रस्ते झालेत, संध्याकाळी लोक फिरायला येतात. काका जात नाहीत. "नदीकडं पाठ करून घरं बांधलेली आमची. आता म्हातारपणी तोंड कुठं फिरवू?"

पाच कंदिलाच्या भाजी बाजारात एका मावशीकडून हिरवी वांगी घेतली. "कोन गावनी शे तू, माय?" पुण्याची, असं सांगितल्यावर दोन वांगी वर टाकली, का ते कळलं नाही. खेड्यावरून रोज पहाटे येते. "धुये मोठं व्हई गयं," म्हणाली, आणि तिचं धुये म्हणजे स्टँडपासून या चौकापर्यंत. बाकीचं पाहिलेलंच नाही तिनं. वांगी विकायला लागत नाही.

अहिराणीत ळ चा य होतो, म्हणून धुये. ही बोली बाजारात मोकळी ऐकू येते, गल्लीत घरातल्या घरात, आणि देवपुरात आबांशी बोलतानाच. आक्काचा मुलगा हिंजवडीला असतो. त्याला अहिराणी समजते, बोलायची म्हटलं की हसू येतं. त्याच्या मोबाईलच्या स्टेटसला मात्र "खान्देशी" लिहिलेलं आहे.

दुपारी राजवाडे संशोधन मंडळ. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढणारे इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला याच गावात गेले, आणि पुढच्याच वर्षी गावानं मंडळ उभं केलं. जवळच समर्थ वाग्देवता मंदिर, नानासाहेब देवांनी जमवलेल्या हस्तलिखितांचं. त्यात समर्थांच्या हातचं वाल्मीकि रामायण आहे. दोन्हीकडं जाण्याआधी फोन करून वेळ विचारा आणि घाईत जाऊ नका. विनोबांनी गीतेवरची अठरा प्रवचनं दिली तो तुरुंगही धुळ्याचाच. 1932 च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी विनोबा बोलत होते आणि साने गुरुजी लिहून घेत होते. गल्लीतल्या तिघांना यातलं सगळं तोंडपाठ होतं. मंडळात शेवटचं कधी गेलात, असं विचारल्यावर पेपरची पानं पुन्हा वर झाली.

परतताना चाळीसगाव रोडच्या बाजूला वळले. यंत्रमागांचा खडखडाट रस्त्यावर येतो. मागावर चाळीस वर्षं काढलेले एक चाचा बाकावर बसले होते, कानाला कमी ऐकू येणारे, त्यामुळं मोठ्यानं बोलणारे. मराठी उत्तम, मध्येच अहिराणी. पूर्वी पाच नंबरात त्यांचं शिंप्याचं काम घेऊन जाणं असायचं, ईदला तिकडून माणसं येत. "2008 ची दंगल झाली, मग 2013 च्या जानेवारीतली. भांडण दोन दिवसांचं असतं, पण घर बदलायचं झालं की माणूस आपल्या माणसांत बघतो. सगळे थोडे थोडे सरकले." धुळं कुठं संपतं हा प्रश्न त्यांना दोनदा ओरडून विचारावा लागला. त्यांनी तिसऱ्यांदा विचारायला लावलं नाही, चहा मागवला. चहात आलं भरपूर होतं.

तिसरा दिवस: भोंगा

अंमळनेर धुळ्याहून एसटीनं तासाभराचं. मंगळवारी जाऊ नका, मंगळग्रह मंदिरामुळं त्या दिवशी गाव भाविकांनी भरतं. किंवा त्यासाठीच जायचं असेल तर मंगळवारीच जा.

इथं माझा प्रश्न लागूच पडला नाही. अंमळनेरकर गाव जागेनं मोजत नाहीत, वेळेनं मोजतात: मिल होती तेव्हा, आणि मिल गेल्यावर. श्रीमंत प्रतापशेठांची प्रताप मिल. त्यांच्याच पैशातून शाळा, तत्त्वज्ञान मंदिर. कापडाच्या गिरणीवाल्यानं 1916 साली वेदान्तावर संशोधन करायला संस्था काढावी, हे मला कुठल्याही ताजमहालापेक्षा जास्त नवलाचं वाटतं. साने गुरुजी याच शाळेत 1924 ते 1930 शिक्षक होते.

मिल कामगाराच्या घरातल्या एका मावशींनी मला ओट्यावर बसवून फुनके आणि कढी खाऊ घातली. तुरीची डाळ भरड वाटून, मूठ वळून वाफवलेले फुनके, कढीत कुस्करायचे, वर कच्चं तेल. त्या म्हणाल्या, "पहिला भोंगा झाला की चूल. दुसऱ्याला डाळ उतरली पाहिजे. तिसऱ्याला मालक दारात. घरात घड्याळ नव्हतंच. मिल बंद पडली तेव्हा पगाराचं तर झालंच, पण माझी डाळ वर्षभर करपायची."

दुसरी गोष्ट विप्रोची. 1945 साली महंमद हाशम प्रेमजींनी इथं वनस्पती तुपाचा कारखाना काढला, त्याचीच पुढं विप्रो. 787 साबण इथलाच. गावातल्या अनेकांकडं तेव्हाचे शेअर होते आणि अंमळनेरात करोडपती किती, याच्या कहाण्या पेपरांत येऊन गेल्यात. मला भेटलेल्या निवृत्त गुरुजींच्या वडिलांनी मात्र ते बहिणीच्या लग्नात विकले. "त्या पैशात भांडी आली. भांडी अजून आहेत," गुरुजी म्हणाले. 1952 चं साहित्य संमेलन त्यांनी नऊ वर्षांचे असताना पाहिलं, 2024 चं ऐंशी उलटल्यावर. कुठलं चांगलं झालं? "पहिलं. त्यात मला कुणी भाषण करायला लावलं नाही."

संध्याकाळची परतीची गाडी रद्द झाली आणि दीड तास स्टँडवर थंडी खाल्ली. डिसेंबरात स्वेटर न्या. खान्देश म्हणजे ऊन, असं डोक्यात धरून मी शालीवर गेले होते. मे महिन्यात मात्र जाऊच नका, पारा चव्वेचाळीसच्या पुढं असतो.

चौथा दिवस: भरीत

आबांचे एक जुने कंडक्टर दोस्त आहेत, सगळे त्यांना जिभाऊ म्हणतात. नगावच्या पुढं त्यांचं शेत. बाजूचं शेत आता शेत नाही, पांढरे दगड पुरून प्लॉट पाडलेत, आणि प्रवेशाला कमान आहे, जिच्यातून आत गेलं की फक्त बाभळी. जिभाऊंचं अजून शाबूत आहे, कारण दोन मुलांचं भावावर एकमत होत नाही.

तुरीच्या काड्यांचा जाळ केला आणि हिरवी वांगी त्यात थेट टाकली. जाळ सारखा हलवत राहायचा. साल काळी पडून फुटते, देठाशी बुडबुडा येतो, तेव्हा काढायची. साल सोलून लाकडाच्या बडजीत ठेचली, त्यात ठेचलेली हिरवी मिरची आणि लसूण, मग तेलात शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. टोमॅटो नाही. मी विचारलं, तर जिभाऊंनी आबांकडं पाहिलं, आबांनी आकाशाकडं. बरोबर ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. केळीच्या पानावर. मी साडेतीन भाकरी खाल्ल्या आणि नंतर बाजेवर आडवी झाले, त्यामुळं तासभराचं वर्णन नाही.

जाताना गाडी आक्काच्या पुतण्याची होती. आबा पुढं बसले. पूल मागं राहिला होता, दत्त मंदिर गेलं, नगावबारी गेली, आबांची नजर पोराच्या डाव्या हातावर. हात मांडीवरच. नगाव जवळ आलं तसे ते अस्वस्थ झाले. "अरे, टॉप टाक की आता."

"आबा, ऑटोमॅटिक आहे. ह्याला गिअर टाकावाच लागत नाही."

आबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मग गाव संपलं, हे ह्याला कळतं कसं?"

परतल्यावर

आईनं चष्मा पुसला आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला. उखळापाशी थांबली. "हेच. उजवीकडं झिजलंय ना, ती मालकीणबाईंची बाजू. आमची डावी." मग भिंतीवरच्या फांद्यांवर बोट आलं. "हा चौकातला निंब. आमच्या दोन खोल्या मागं, सहा नंबरात. मध्ये चौक, आणि पुढं मालकांचं घर. त्यांचा ओटा पाच नंबरात निघायचा. घर आरपार. शाळेतून आलो की आम्ही पाचातून शिरायचो न् सहातून बाहेर पडायचो. पुढच्या ओट्यावर दिवसभर सागरगोटे." तिनं वर पाहिलं. "पुढच्या बाजूनं नाही गेलीस?"

मी हातातल्या चार्जरकडं बघितलं.

"गेले होते," म्हटलं. "तिथं मोबाईलची दुकानं आहेत आता. हा तिथलाच."

आईनं तो हातात घेतला, उलटसुलट केला, वायर ओढून पाहिली.

"केवढ्याला?"

"दोनशे."

"महाग दिला," ती म्हणाली आणि पुढचा फोटो काढायला सांगितला.